दोन माणसांचं बुकिंग

फोन आला तेव्हा जावई शिट्टीबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होता. हात ओले होते म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला, आणि म्हणूनच तो शिट्टीबाईंनाही ऐकू आला. पलीकडची मुलगी भलत्या उत्साहात होती. येत्या शनिवार-रविवारी तुमचं कॅरॅव्हॅनचं प्रशिक्षण आहे, नवशिक्यांच्या तुकडीत, दोन माणसांचं बुकिंग, मॅडमच्या नावावर. मॅडमचा फोन लागत नाहीये म्हणून या नंबरवर केला. येताय ना नक्की?

जावई पाना हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला.

"कळवतो," एवढंच म्हणाला.

मॅडमला जाऊन आठ महिने झाले होते.

शिट्टीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला होता. गळ्यातली शिट्टी निवृत्तीच्या दिवशी कपाटात गेली, पण मुलांनी ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. गल्लीत भाजीवालासुद्धा त्यांना शिट्टीबाईच म्हणायचा. त्यांना एकच लेक. जन्मली तेव्हा वाटोळी गरगरीत होती म्हणून तिचं नाव गोटी पडलं, आणि पुढे ती वाढून काडीसारखी झाली तरी गोटीच राहिली. गोटीने लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाशी. हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचा. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरला की परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचा. गोटी त्याच्यावर हसायची आणि खाली उभी राहून वाट बघायची.

गोटीला फिरायचं वेड होतं. गाडीमागे चाकांवरचं छोटं घर जोडायचं आणि वाटेल तिथे मुक्काम करायचा, हे तिच्या डोक्यात कधीपासून होतं. पण मागे एवढं धूड ओढत गाडी चालवायची म्हणजे आधी शिकायला हवं, आणि त्या प्रशिक्षणाला रांग मोठी. नवऱ्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने वर्षभर आधी गुपचूप नाव नोंदवून ठेवलं. आणि मग एका सकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. अकरा वाजता शेजारणीला ती स्वयंपाकघरात पडलेली दिसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शिट्टीबाई एकच सांगत, "त्रास नाही झाला तिला. क्षणात गेली." त्या एका वाक्याला धरून त्या आठ महिने उभ्या होत्या.

जावई एक रविवार सोडून एक रविवार यायचा. काहीतरी दुरुस्त करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. दोघांना एकमेकांशी बोलायला विषय नव्हता. होता तो एकच, आणि त्यावर दोघंही बोलत नसत. घरात काही मोडलेलं नसेल तर शिट्टीबाई आदल्या दिवशी एखादा स्क्रू सैल करून ठेवत.

"रद्द करतो," जावई नळाकडे बघत म्हणाला.

"का?"

"कोण जाणार आता?"

शिट्टीबाईंनी ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"दोन माणसांचं आहे ना? मग आपण दोघं काय माणसं नाही?"

*

शहराबाहेरच्या मोठ्या सिमेंटच्या मैदानात शनिवारी सकाळी चार गाड्या आणि चार पांढऱ्या कॅरॅव्हॅन उभ्या होत्या. शिकवणारा माणूस बुटका, घोगऱ्या आवाजाचा. आयुष्यभर अवजड ट्रक चालवलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

"सासूला घेऊन आलेला पहिलाच जावई बघतोय," तो म्हणाला. "लोक तर सासूपासून लांब जायला कॅरॅव्हॅन घेतात."

सगळे हसले. शिट्टीबाईही जराशा हसल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची बायको शेजारीच उभी होती. तिने सहज विचारलं, "आणि मुलगी नाही का आली?"

"नाही," शिट्टीबाई म्हणाल्या.

उस्तादने आधी जोडायला शिकवलं. गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर कॅरॅव्हॅनचं तोंड कसं उतरवायचं, खटका बसल्याचा आवाज कसा ऐकायचा, साखळी कशी अडकवायची, मागच्या दिव्यांची वायर कुठे खोचायची. जड सामान चाकांच्या वर, हलकं कडेला. वाटेत मागचं घर डुलायला लागलं तर ब्रेक दाबायचा नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. सोडवताना क्रम उलटा, पण एक गोष्ट सगळ्यांत आधी. कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढायचा, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, आणि मगच खटका उचलायचा. "यात चूक नको," उस्ताद म्हणाला. "ब्रेक नसला तर हे घर कुणाची ओळख ठेवत नाही." जावयाने सगळं दोनदा करून दाखवलं. उस्ताद खूश झाला.

रिव्हर्सला मात्र सगळ्यांचीच त्रेधा उडाली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे पळायचं. बँकेच्या गृहस्थांनी तर कॅरॅव्हॅन वळवता वळवता थेट गाडीच्या कुशीत आणली आणि बायकोकडे असं बघितलं, जणू तिनेच ती फिरवली होती.

"स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरा," उस्तादने सांगितलं. "हात जिकडे, घर तिकडे. आणि मागे उभं राहणाऱ्यांनो, ड्रायव्हरच्या आरशात दिसाल असेच उभे राहा. हात मोठे हलवा. आवाज मोठा काढा."

शिट्टीबाई मागे उभ्या राहिल्या. "डावीकडे घ्या... थोडं अजून घ्या," त्या म्हणाल्या. जावयाला काहीच ऐकू आलं नाही. गोटी गेल्यापासून त्यांचा आवाजच बसला होता. दुकानदारही हल्ली त्यांना दोनदा विचारायचे.

"आजी, मुंग्यांना हाका मारताय का?" उस्ताद ओरडला.

दुपारी चारही गाड्या रांगेने पन्नास किलोमीटरवरच्या तलावाकाठी गेल्या. मुक्काम तिथेच होता. रात्री शिट्टीबाईंनी कॅरॅव्हॅनमध्ये झोपायचं आणि जावयाने गाडीत, हे न बोलताच ठरलं होतं. त्यांना दिलेली जागा पाण्याच्या दिशेने जराशी उताराची होती. मागे लाकडी कुंपण, त्यापलीकडे मोठाल्या दगडांचा बांध आणि मग पाणी. तिसऱ्या प्रयत्नात जावयाने कॅरॅव्हॅन बरोबर जागेवर आणली. शिट्टीबाईंनी हात वर करून थांबायची खूण केली आणि त्या कडेच्या नळावर पाणी भरायला वळल्या.

सगळं दोनदा तपासणारा तो माणूस गाडीतून उतरला, मागे आला आणि त्याने सरळ खटका उचलला.

शिट्टीबाईंनी वळून बघितलं तेव्हा कॅरॅव्हॅन हलली होती. सुरुवातीला इतकी सावकाश की डोळ्यांना भास वाटावा. जावई धावत तिच्या मागे गेला आणि दोन्ही हात लावून तिला अडवत उभा राहिला. पाठीशी कुंपण होतं. त्याचे पाय मातीत घसरत होते, आणि तो बाजूला होत नव्हता.

"सोड!"

तो आवाज तलावापलीकडे जाऊन परत आला. एकतीस वर्षं हजार पोरांना जागच्या जागी उभं करणारा आवाज होता तो.

"सोड म्हणते ना! बाजूला हो, गाढवा! हो बाजूला!"

जावयाचं अंग आपोआप उडालं. कॅरॅव्हॅन कुंपणातून गेली, दोन फळ्या मोडल्या आणि दगडांच्या बांधाला टेकून थांबली.

उस्ताद पळत आला. आधी त्याने माणूस बघितला, मग ब्रेक ओढला, ठोकळे लावले. मागचा पत्रा चेपला होता. "फळ्या मी लावून घेतो," तो म्हणाला. जावयाला रागवायला त्याने तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. चौघांनी मिळून कॅरॅव्हॅन परत जागेवर ढकलली आणि सगळे आपापल्या जागी गेले.

*

ऊन उतरलं होतं. जावई कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसला होता. शिट्टीबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"असं कुणी समोर उभं राहतं का? लागलं असतं तर?"

"क्षणभर वाटलं, येऊ दे अंगावर."

"काय बोलतोस हे?"

"तुम्ही ओरडला नसतात तर बरं झालं असतं, आई."

शिट्टीबाई समोरच्या दुमडत्या खुर्चीवर बसल्या. आपण त्याला मघापासून 'तू' म्हणतोय हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांनी जावयाला कधी अहो-जाहो सोडून बोलवलं नव्हतं. आता मात्र ते तोंडात आपलंसं वाटत होतं.

"नीट सांग काय झालंय ते," त्या म्हणाल्या.

त्याने पेला खाली ठेवला. "ती क्षणात नाही गेली. सकाळी सातलाच तिचं डोकं दुखायला लागलं होतं. असं कधीच दुखलं नव्हतं म्हणाली."

शिट्टीबाईंनी खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली. त्या दिवशी माझ्याकडे तपासणीला मोठे साहेब येणार होते. मी म्हटलं, गोळी घे, झोप थोडी. दुपारी येतो, मग जाऊ."

"उलटी झाली होती?"

"दोनदा."

"सातला?"

"सातला एकदा. मग मी निघताना, साडेसातला."

"आणि तुम्ही गेलात."

तो शब्द परत 'तुम्ही' झालेला जावयाच्या कानाने टिपला. त्याने मान खाली घातली. "हो."

शिट्टीबाईंनी मनातल्या मनात तास मोजले. सात ते अकरा. चार तास. चार तास त्यांची लेक त्या दुखण्याबरोबर होती, त्यातले साडेतीन एकटी. आणि त्या वेळी शिट्टीबाई काय करत होत्या? त्यांना चांगलं आठवत होतं. घरातच होत्या. वर्तमानपत्र वाचत होत्या, दोन गल्ल्या सोडून.

"मला का नाही केला तिने फोन?"

जावयाने खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला.

"मी विचारतेय. मला का नाही केला फोन?"

"मी म्हटलं होतं, आईंना बोलवून घेऊ का सोबतीला. ती म्हणाली, नको. आईला सांगू नकोस, ती उगाच धावत येईल."

"आलेच असते," शिट्टीबाई म्हणाल्या. "आलेच असते मी धावत."

मग त्या उठल्या, कॅरॅव्हॅनमध्ये गेल्या आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. बँकेच्या गृहस्थांची बायको अंडी उकडून घेऊन आली, तिलाही दार उघडलं नाही. आतून रडण्याचा आवाज आला नाही. बाहेर बसलेल्या जावयाला तो आला असता तर बरं वाटलं असतं.

*

सकाळी शिट्टीबाई बाहेर आल्या त्या बॅग भरूनच. त्या थेट बँकेच्या गृहस्थांच्या गाडीपाशी गेल्या. "तुमच्याकडे मागे एक जागा आहे का? शहरापर्यंत."

"हो, आहे की," त्यांची बायको म्हणाली, आणि पुढचं काही विचारायचं नाही एवढं तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

उस्तादने मात्र डोकं हलवलं. "आजी, ओढणाऱ्या गाडीत शिकाऊ माणूस एकटा सोडत नाही मी. तुम्ही गेलात तर त्यांची कॅरॅव्हॅन इथेच राहील. मला उद्या माणूस पाठवावा लागेल. पाठवतो, हरकत नाही."

शिट्टीबाईंनी मागे बघितलं. जावई कॅरॅव्हॅनच्या पुढचं टेकूचं छोटं चाक वर घेत होता. त्याने साखळी अडकवली, ओढून बघितली, पुन्हा अडकवली, पुन्हा ओढून बघितली. मग जमिनीवर बसून त्याने खटका बघितला आणि तसाच बसून राहिला. त्याचा सदरा कालचाच होता.

त्या बॅग घेऊन परत आल्या. "दिवे लावा," म्हणाल्या. "मी मागून बघते."

डावा लागला. उजवा लागला. ब्रेकचा लागला. प्रत्येक वेळी शिट्टीबाईंनी आरशात दिसेल असा हात वर केला. त्याच्या तोंडावर मात्र नजर नेली नाही.

पहिले वीस किलोमीटर सरळ गेले. नंतर एक लांब पूल लागला. खाली नदी, आणि दोन्हीकडून मोकळा वारा. एक मोठा ट्रक भर्रकन शेजारून गेला, आणि मागे काहीतरी डुललं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात. आरशात ते पांढरं घर शेपटीसारखं हलताना दिसत होतं. जावयाचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" शिट्टीबाई म्हणाल्या. "पाय काढा. फक्त पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरा, काही करू नका. काही करू नका. येतंय, येतंय सरळ."

गाडी हळू झाली. मागचं डुलणं कमी झालं, मग थांबलं. पूल संपल्यावर कडेला मोकळी जागा होती, तिथे त्याने गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो हुंदके देऊन रडायला लागला. लग्नात, दवाखान्यात, त्यानंतर कधीच शिट्टीबाईंनी त्याला रडताना बघितलं नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटलाच नाही. तो थांबेपर्यंत त्या समोरच्या काचेतून रस्ता बघत बसल्या.

"आता सांगा," तो शांत झाल्यावर त्या म्हणाल्या. "सात ते साडेसात. सगळं सांगा. एक शब्द गाळायचा नाही."

"कशाला, आई?"

"माझी लेक होती ती. मला हवंय ते."

मग त्याने सांगितलं. सातला ती उठली तीच डोकं धरून. कुणीतरी आत खुर्च्या ओढतंय असं म्हणाली. मग म्हणाली, आईची शाळा भरलीय डोक्यात, शिट्ट्यांवर शिट्ट्या. असं म्हणून हसली, आणि हसल्यावर जास्त दुखलं म्हणून त्याच्यावरच चिडली, मला हसवू नकोस म्हणून. त्याचा जुना हिरवा स्वेटर तिने अंगात घातला होता. बाही कोपरापाशी उसवलेली. उजेड नको म्हणाली, म्हणून त्याने पडदे ओढले. खिडकी मात्र थोडी उघडी ठेव म्हणाली. चहा नको. पाणी दोन घोट. उलटी त्याने पुसली तेव्हा ती म्हणाली, लिफ्टवाल्याला हेही काम येतं वाटतं.

शिट्टीबाईंच्या तोंडून हसू निसटलं. तिचंच बोलणं होतं ते, जसंच्या तसं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना तिचा आवाज कानात ऐकू आला, आणि तो इतका स्पष्ट आला की त्यांना दाराची कडी धरावी लागली.

"मग?"

"मग साडेसात वाजले. ती म्हणाली, जा, साहेब येतील."

"जा म्हणाली?"

जावयाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. 'हो' एवढंच तो म्हणाला असता, तर त्याला सोपं गेलं असतं. शिट्टीबाईंनाही.

"जा म्हणाली. पण हात सोडत नव्हती. मी सोडवून घेतला."

बाहेरून एकामागून एक गाड्या जात होत्या. शिट्टीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. आवाज न करता रडणं त्यांना कधी जमलं नव्हतं, तेही आता जमलं. रडणं ओसरल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

"वेळेवर नेली असती तर वाचली असती का?"

"डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित हो, कदाचित नाही."

"मीही नाही सांगू शकत," शिट्टीबाई म्हणाल्या. "तुमची चूक नव्हती असं मी म्हणावं, म्हणून सांगितलंत का मला?"

"नाही. एकट्याने धरवेना म्हणून सांगितलं."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलं. दुसरं काही म्हणाला असता तर त्या तिथेच उतरल्या असत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "दुपारच्या आत गाडी परत द्यायची आहे. आरसा बघून घ्या, माझ्या बाजूचा हललाय."

मैदानात उस्तादने चेपलेला पत्रा बघितला, दोघांच्या हातावर एकेक छापील प्रमाणपत्र ठेवलं आणि म्हणाला, "रस्त्यावर जमेल तुम्हाला. सोडवताना मात्र आजींना विचारून सोडवा." जावयाने त्याचे आभार मानले. प्रमाणपत्रावर नाव लिहायची जागा कोरी होती. शिट्टीबाईंनी आपलं घडी घालून पिशवीत टाकलं.

घराच्या दारापाशी त्याने बॅग वर आणून दिली. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत. तो जिन्याकडे वळला तेव्हा त्यांनी थांबवलं.

"मला राग आलाय. खूप आलाय. किती दिवस राहील माहीत नाही. कदाचित जाणारच नाही."

"हो, आई."

"पण येत जा. रागवायलाही समोर कुणीतरी लागतं. मी एकटी त्या चार भिंतींवर किती रागवू?"

तो येत राहिला, पूर्वीसारखाच एक रविवार सोडून एक रविवार. कधी शिट्टीबाई दार उघडत आणि चहा ठेवत, आणि मग दोघं गोटीबद्दल बोलत, अगदी दिवे लागेपर्यंत. कधी त्या आतूनच म्हणत, "आज नको." मग तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जरा वेळ बसायचा आणि निघून जायचा. आतून शिट्टीबाईंना त्याची पावलं खाली उतरताना ऐकू येत. त्या शेवटच्या पायरीपर्यंत ती ऐकत, आणि मगच दारापासून हलत.